वाटेवरची थैली आणि चौथे समीकरण

तीन व्यापारी एका वाटेने चालले होते. वाटेत त्यांना पैशांनी भरलेली एक थैली पडलेली दिसली. पहिला म्हणाला, "ही थैली मला मिळाली, तर माझे धन तुम्हा दोघांच्या एकत्रित धनाच्या दुप्पट होईल." दुसरा म्हणाला, "मला मिळाली, तर माझे धन तुम्हा दोघांच्या तिप्पट होईल." तिसरा म्हणाला, "आणि मला मिळाली, तर ते तुम्हा दोघांच्या पाचपट होईल." तर थैलीत किती नाणी होती, आणि प्रत्येक व्यापाऱ्याजवळ किती होती?

वाचकहो, पुढील मजकूर वाचण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेऊन दहा मिनिटे या कोड्याला अवश्य द्यावीत. घरातील मुलांनाही सोबत बसवावे. अंदाजाने आकडे घालून पाहण्याचा मोह प्रथम होतोच. पहिल्याजवळ दहा धरले, दुसऱ्याजवळ वीस धरले, की एक वाक्य जुळते आणि दुसरे बिघडते. दुसरे जुळवावे, तर तिसरे हातून निसटते.

हे कोडे आजकालचे नाही. त्याचे वय सुमारे पावणेबाराशे वर्षांचे आहे. इसवी सन ८५० च्या सुमारास महावीराचार्य या जैन गणितज्ञांनी 'गणितसारसंग्रह' हा संस्कृत ग्रंथ रचला, त्यातील हे उदाहरण. वेरूळचे कैलास लेणे ज्या राष्ट्रकूट घराण्याने कोरविले, त्याच घराण्यातील सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांच्या काळात हा ग्रंथ लिहिला गेला आणि आरंभी आचार्यांनी त्यांचा गौरवाने उल्लेख केला आहे. राष्ट्रकूटांची तेव्हाची राजधानी मान्यखेट म्हणजे आजच्या कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड.

त्या काळी गणित बहुधा ज्योतिषाच्या ग्रंथात एखाद्या अध्यायाच्या रूपाने येत असे. महावीराचार्यांनी मात्र संपूर्ण ग्रंथच गणिताला वाहिला. त्याचे नऊ अधिकार, म्हणजे प्रकरणे, आहेत. त्यांत अपूर्णांक आहेत, त्रैराशिक आहे, व्याजाचे हिशेब आहेत, सोन्याच्या कसाची उदाहरणे आहेत. व्यापाऱ्याच्या घरात जे जे प्रश्न रोज उभे राहतात, त्यांतील पुष्कळसे या ग्रंथात भेटतात. १९१२ साली मद्रास येथे प्रा. रंगाचार्य यांनी इंग्रजी भाषांतरासह तो प्रसिद्ध केला. पुढे १९६३ साली लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो आपल्या सोलापूरहून, जैन संस्कृति संरक्षक संघाकडून, प्रकाशित झाला.

माझी या कोड्याशी ओळख ग्रंथातून झाली नाही. ती एका पेढीवर झाली. १९८० साली मी एम.कॉम.चा विद्यार्थी होतो. सुटीत मामांच्या अडत पेढीवर जाऊन बसत असे. तेथील वयोवृद्ध दिवाणजी इयत्ता सातवीपर्यंत शिकलेले. परंतु कीर्द-खतावणीत त्यांचा हात धरणारा पेठेत कोणी नव्हता. एके दुपारी त्यांनी विचारले, "काय भाचेबुवा, एम.कॉम. करता ना? मग हे सोडवा." आणि त्यांनी थैलीचे कोडे घातले.

मी ऐटीत कागद ओढला. थैलीतील धनाला 'थ' म्हटले, तीन व्यापाऱ्यांच्या धनाला अनुक्रमे 'अ', 'ब' आणि 'क' म्हटले, आणि तिघांची तीन वाक्ये समीकरणांच्या रूपात मांडली :

थ + अ = २ (ब + क)
थ + ब = ३ (अ + क)
थ + क = ५ (अ + ब)

क्षणभर पाहिले आणि कागद खाली ठेवला. "दिवाणजी, हे सुटणार नाही. अज्ञात राशी चार आहेत आणि समीकरणे तीनच. एक समीकरण कमी पडते."

दिवाणजी हसले. म्हणाले, "सुटते तेवढे तरी सोडवा. उरेल त्याचे मग पाहू."

कोडे कसे सुटते ते आता पाहू. शाळेत शिकलेल्या रीतीने एका समीकरणातून 'अ' काढून दुसऱ्यात घालत बसलो, तरी उत्तराशी पोहोचता येते. पण वाट लांबची आहे. दिवाणजींनी दाखविलेली वाट जवळची होती. त्यांचे म्हणणे असे, की हे तिघे आपापल्यापुरते बोलत आहेत. प्रत्येकाच्या बोलण्यात थैली वेगळ्या हातात जाते, म्हणून आपला गोंधळ उडतो. परंतु थैली कोणाच्याही हातात गेली, तरी एक गोष्ट बदलत नाही. तिघांचे धन आणि थैली यांची एकूण बेरीज तेवढीच राहते. त्या बेरजेला धरून चालावे.

या एकूण धनाला 'स' म्हणू. म्हणजे स = थ + अ + ब + क.

आता पहिल्याचे वाक्य पुन्हा वाचा. थैली घेतल्यावर त्याच्याजवळ दोन भाग होतात आणि उरलेल्या दोघांजवळ मिळून एक भाग राहतो. एकूण भाग तीन. अर्थात दुसरा आणि तिसरा यांचे धन मिळून एकूण धनाचा तिसरा हिस्सा आहे.

ब + क = स/३

दुसऱ्याच्या बोलण्याप्रमाणे त्याच्याजवळ तीन भाग आणि इतरांजवळ एक, एकूण चार. तिसऱ्याच्या बोलण्याप्रमाणे त्याच्याजवळ पाच आणि इतरांजवळ एक, एकूण सहा.

अ + क = स/४
अ + ब = स/६

पाहता पाहता 'थ' तिन्ही ओळींतून नाहीसा झाला. आता या तीन ओळींची बेरीज करू. डावीकडे प्रत्येक व्यापारी दोनदा येतो. उजवीकडे एक तृतीयांश, एक चतुर्थांश आणि एक षष्ठांश मिळून तीन चतुर्थांश होतात.

२ (अ + ब + क) = ३स/४
अ + ब + क = ३स/८

म्हणजे तिघांचे मिळून धन एकूणाच्या आठ भागांपैकी तीन भाग, आणि थैलीत उरलेले पाच भाग.

अपूर्णांकांची कटकट नको असेल, तर तीन, चार, सहा आणि आठ या सर्वांनी भाग जाईल अशी लहानात लहान संख्या 'स'साठी घ्यावी. ती चोवीस. मग दुसरा आणि तिसरा मिळून ८, पहिला आणि तिसरा मिळून ६, पहिला आणि दुसरा मिळून ४. तिघांचे मिळून ९. म्हणून पहिल्याजवळ ९ वजा ८ म्हणजे १, दुसऱ्याजवळ ९ वजा ६ म्हणजे ३, तिसऱ्याजवळ ९ वजा ४ म्हणजे ५. आणि थैलीत २४ वजा ९ म्हणजे १५.

ताळा करून पाहू. १५ आणि १ मिळून १६, इतर दोघांजवळ ८, दुप्पट झाले. १५ आणि ३ मिळून १८, इतरांजवळ ६, तिप्पट झाले. १५ आणि ५ मिळून २०, इतरांजवळ ४, पाचपट झाले. हिशेब चोख आहे.

"पण दिवाणजी," मी विचारले, "सर्व आकडे शंभरपट केले, तरी कोडे जुळतेच. शंभर, तीनशे, पाचशे आणि थैलीत दीड हजार. मग नक्की किती होते?"

"ते मात्र थैली ज्याची आहे त्याला विचारा," ते म्हणाले आणि खतावणीत डोके घातले.

मी तेव्हा हे उत्तर विनोद म्हणून सोडून दिले. त्यातील अर्थ कळायला बँकेतील एक संध्याकाळ यावी लागली.

१९८१ साली मी बँकेत लिपिक म्हणून रुजू झालो. तेव्हा शाखेत संगणक नव्हते. सर्व नोंदी हाताने होत आणि सायंकाळी रोकड मोजून वहीशी जुळविल्यावाचून कोणी घरी जात नसे. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका संध्याकाळी रोकड २,७०० रुपयांनी कमी भरली. ही रक्कम तेव्हा माझ्या काही महिन्यांच्या पगाराएवढी होती. नोटा दुसऱ्यांदा मोजल्या, तिसऱ्यांदा मोजल्या. तूट तेवढीच.

आमचा रोखपाल माझ्याच वयाचा, नुकताच लागलेला, अजून कायम न झालेला. घरी वडील आजारी असल्याचे सर्वांना ठाऊक होते. कोणी काही बोलले नाही. पण त्याच्या टेबलाचे खण आपोआप उघडून पाहिले गेले, त्याची पिशवी कोणीतरी सहज उचलून ठेवली. मला सांगावयास संकोच वाटतो, की माझी नजरही त्या पिशवीकडे गेली होती. तो पोरगा भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

त्या वेळी आमचे हेड कॅशियर आपल्या खुर्चीवरून उठले. त्यांनी सर्वांना खाली बसविले आणि म्हणाले, "माणसाचे मागाहून पाहू. आधी आकड्याला विचारा. सत्तावीसशेला नऊने भाग जातो की नाही?"

भाग जात होता. ३०० वेळा.

नऊने भागण्याची ही युक्ती जुन्या हिशेबनिसांना तोंडपाठ असते. पण ती का चालते हे पुष्कळांना माहीत नसते. ते बीजगणिताच्या दोन ओळींत सिद्ध होते. एखाद्या संख्येत दशकाचा अंक 'क्ष' आणि एककाचा अंक 'य' असेल, तर ती संख्या १०क्ष + य. लिहिताना हे अंक उलटसुलट झाले, तर संख्या होते १०य + क्ष. दोन्हींतील फरक :

(१०क्ष + य) − (१०य + क्ष) = ९ (क्ष − य)

अंक कोणतेही असोत, फरकाला नऊने भाग जाणारच. हजार आणि शतक यांच्या जागा बदलल्या, तर फरक ९०० (क्ष − य) येतो. आमची तूट २,७०० होती. म्हणजे क्ष − य = ३. नोंद करताना अंकांची अदलाबदल झाली असेल, तर हजाराच्या आणि शतकाच्या अंकांत तीनचा फरक असला पाहिजे. अशा जोड्या सातच : ३ आणि ०, ४ आणि १, ५ आणि २, ६ आणि ३, ७ आणि ४, ८ आणि ५, ९ आणि ६.

शे-दीडशे नोंदी पुन्हा तपासण्याऐवजी या सात जोड्यांच्याच नोंदी पाहावयाच्या होत्या. त्या डझनभरही नव्हत्या. धनादेश काढून नोंदींशी ताडून पाहू लागलो आणि सहाव्या-सातव्या धनादेशापाशी थांबलो. धनादेश ७,४०० रुपयांचा होता. रोखपालाने खातेदाराला बरोबर ७,४०० रुपये दिले होते. वहीत नोंद मात्र ४,७०० ची होती. वहीप्रमाणे २,७०० रुपये अधिक शिल्लक दिसावयास हवे होते, आणि ते खऱ्या रोकडीत नव्हते. कोणी काही नेलेच नव्हते.

त्या दिवशी ती वही लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. ४,७०० हा आकडा माझ्याच हस्ताक्षरात होता.

मी रोखपालाची क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. फक्त भिंतीपासून दूर होऊन खुर्चीवर बसला आणि पाणी मागितले. हेड कॅशियरनी मला तशी शिक्षा केली नाही. एवढेच म्हणाले, "नऊने भाग गेला म्हणून चूक लिहिण्यातली आहे, हे सिद्ध होत नाही. नऊपैकी एखादा आकडा असाही नऊने भागला जातो. भाग गेला की कोठे पाहावयाचे ते कळते. निकाल कागद पाहूनच द्यावयाचा."

घरी जाताना मला मामांच्या पेढीवरचे दिवाणजी आठवले. दोघांचे सांगणे एकच होते. बीजगणित जेवढे सिद्ध होते तेवढेच सांगते. त्याच्यापुढे एक शब्दही बोलत नाही. थैलीच्या कोड्यात ते गुणोत्तर देते, रक्कम देत नाही. रोकडीच्या तुटीत ते दिशा देते, दोषी देत नाही. आपल्याला जे ठाऊक नाही, त्याला आधी एक नाव द्यावे, जे ठाऊक आहे ते स्वच्छ मांडावे, आणि त्यातून जेवढे निघते तेवढेच मान्य करावे. आम्ही त्या संध्याकाळी याच्या उलट केले होते. जे ठाऊक नव्हते त्याला एका गरीब मुलाचे नाव देऊन मोकळे झालो होतो.

अज्ञाताला नाव देण्याची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. आपल्या प्राचीन गणितज्ञांनी पहिल्या अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हटले आणि पुढच्या राशींना रंगांची नावे दिली : कालक, नीलक, पीतक. अधिक आणि उणे यांना त्यांनी धन आणि ऋण म्हटले. हे शब्द थेट देण्याघेण्याच्या व्यवहारातील आहेत आणि ते किती सार्थ आहेत, हे आपल्याच कोड्यात थोडा बदल करून पाहता येईल. समजा, पहिला म्हणाला, "थैली मिळाली तर माझे धन तुम्हा दोघांइतके होईल," आणि दुसरा व तिसरा दोघेही "पाचपट होईल" असे म्हणाले. याच रीतीने सोडविले, की एकूण धन १२ धरल्यास थैलीत ७, दुसऱ्याजवळ ३, तिसऱ्याजवळ ३ आणि पहिल्याजवळ उणे १ येतात. उणे एक म्हणजे काय? त्याच्या कनवटीला काही नाही; उलट एक नाणे देणे आहे. थैली मिळाली, की सातांतून एक देणे भागवून सहा उरतात, आणि इतर दोघांचेही सहाच. हिशेब जुळतो. त्या व्यापाऱ्याने आपले कर्ज कोणाला सांगितले नव्हते. समीकरणाने ते उघड केले.

मुलांसाठी एक सोपे उदाहरण देतो. व्यापारी दोनच आहेत. पहिला म्हणतो, थैली मिळाली तर माझे धन तुझ्या दुप्पट होईल. दुसरा म्हणतो, मला मिळाली तर तुझ्या तिप्पट. एकूण धनाला धरून चाला. उत्तर : पहिल्याजवळ ३, दुसऱ्याजवळ ४ आणि थैलीत ५. ताळा मुलांनी स्वतः करावा, आणि मग गुणक बदलून नवी कोडी रचून आई-वडिलांना घालावीत.

आता मूळ थैलीकडे येऊ. उत्तर पुन्हा एकदा पाहा : १, ३, ५ आणि १५. तिघांचे मिळून धन नऊ, आणि थैलीत पंधरा. तिघांनी आयुष्यभराची कमाई एकत्र केली, तरी ती त्या थैलीला पुरी पडत नाही. ही गोष्ट तिघांपैकी एकाच्याही बोलण्यात नाही. प्रत्येक जण आपण इतरांहून कितीपट मोठे होऊ एवढेच मोजत आहे. बेरीज केल्यावरच कळते, की या कोड्यात एक चौथा माणूस आहे. त्याचे धन या तिघांच्या एकत्रित धनाहून अधिक होते आणि तो ते कोठेतरी हरवून बसला आहे.

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रतात पडलेली किंवा कोणी विसरलेली वस्तूही न दिलेलीच मानली आहे. ती उचलून आपली म्हणावयाची नाही. कोड्यातील तिघेही 'मिळाली तर' एवढेच म्हणतात, थैली उचलल्याचे कोठे म्हटलेले नाही. आचार्यांनी त्यांना त्या 'तर'पाशीच उभे ठेवले आहे.

आणि एम.कॉम.च्या त्या विद्यार्थ्याला जे चौथे समीकरण सापडत नव्हते, तेही तेथेच आहे. सापडलेली थैली परत करताना आपण काय विचारतो? "आत किती होते, सांगा." जो बरोबर आकडा सांगतो, त्याला थैली मिळते. तिघांच्या बोलण्यातून गुणोत्तर निघते; खरी रक्कम फक्त मालकाला ठाऊक असते. चौथ्या अज्ञाताचे समीकरण चौथ्या माणसाजवळच असणार. दिवाणजींनी ते मला एका वाक्यात सांगितले होते.

यंदाच्या दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी घरातील मुले भोवती असतील, तेव्हा त्यांना हे कोडे अवश्य घालावे. ती बहुधा म्हणतील, की एक समीकरण कमी आहे. तेव्हा त्यांना विचारावे, ते कोणाकडे मिळेल?

जय जिनेंद्र.